खांद्यातली जाळी

अभिनंदन चौगुलेला बायकोचा खांदा कसा निखळवायचा ते पक्कं ठाऊक होतं. मनगट मागून धरायचं, कोपर वर न्यायचं, हात बाहेरच्या अंगाला पिळायचा आणि एकच हिसका द्यायचा. वृषालीच्या दंडाचा गोल माथा खोबणीतून सटकून पुढं यायचा, कातडीखाली लिंबाएवढा उंचवटा दिसायचा आणि ती तोंडात ओढणी कोंबून भिंतीला टेकून खाली बसायची. मग तो पंख्याखाली बसून राहायचा. राग उतरला की स्वतःच उठायचा आणि तोच हात हळूहळू फिरवत परत जागेवर बसवायचा. "झालं. एवढं काय त्यात?" म्हणायचा. अंगावर वळ नाही, रक्त नाही. कुणी विचारलंच तर सासूबाई सांगायच्या, "आमच्या सुनेचे सांधेच सैल आहेत. जन्मापासूनचं आहे ते."

ते खोटं नव्हतं. आपली हाडं एकमेकांना धरून असतात ती लिगामेंट नावाच्या चिवट पट्ट्यांमुळे. या पट्ट्या ज्या प्रथिनाच्या धाग्यांनी विणलेल्या असतात, ते धागेच काही माणसांच्या अंगात ढिले निघतात. वृषाली त्यातली. शाळेत ती अंगठा मागं वाकवून मनगटाला टेकवायची आणि पोरी टाळ्या वाजवायच्या. पुढं त्याच सांध्यांनी तिला दगा द्यायला सुरुवात केली. बादली उचलताना बोटं निसटायची, जिना चढताना गुडघ्याची वाटी सरकायची. तिचा धाकटा भाऊ पारस जन्मला तो डाव्या कोपराखाली हातच नसलेला. तिच्या माहेरी, मगदुमांच्या घरात एक पोरगी सैल आणि एक पोरगा अपुरा, असं भावकीत बोललं जायचं. दोघं एकमेकांना धरून वाढली. ती त्याच्या शर्टाची बटणं लावायची, तो तिची सरकलेली वाटी तळहातानं दाबून जागेवर आणायचा.

लग्नाच्या पहिल्या वर्षी माळ्यावरचा डबा काढताना वृषालीचा खांदा निखळला. तेव्हा अभिनंदननंच तिला दवाखान्यात नेलं होतं. "घरी असं झालं तर घाबरू नका," म्हणून तिथल्या डॉक्टरांनी त्याला खांदा बसवायची रीत नीट शिकवली. ती उलटी केली की काय होतं, हे त्याचं त्यानं शोधलं.

पारसचं मिरजेत मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. कृत्रिम हात त्यानं लावून बघितला होता, त्याला ती अडचणच वाटली. थोट्या कोपराखाली तारेचं रीळ दाबून धरायचा आणि उजव्या हातानं तांब्याच्या तारेचे वेढे असे झरझर घालायचा की बघत राहावं. मिरजेतल्या एका इस्पितळात डॉक्टर निर्मला लोकापुरे सैल सांध्यांवर काही नवीन करतात, हे त्यालाच एका गिऱ्हाइकाकडून कळलं. चालकाविना धावणाऱ्या नव्या बसमधून तो बहिणीला तिथं घेऊन गेला. अभिनंदनही बरोबर आला. त्याला बायकोची काळजी आहे, हे त्याला चारचौघांत दाखवायला आवडायचं.

लोकापुरेबाई पन्नाशीच्या, केस बारीक कापलेल्या, बोलायला रोखठोक.

"कॉर्नफ्लॉवर पाण्यात दाट कालवून बघितलंय कधी?" त्यांनी वृषालीला विचारलं. "बोट हळूच घातलं तर आत जातं. बुक्की मारली तर दगड. आमच्या जाळीचे धागे तसेच आहेत. केसाहून बारीक. सांध्याभोवती ती विणून बसवायची. हळू हालचालीला मऊ, हिसक्याला दगड."

"हिसका बसल्यावर घट्ट होऊन काय उपयोग?" पारस म्हणाला. "तोवर सांधा गेलेला असतो."

"बरोबर. म्हणून त्यात अक्कल घातलीय. गळ्याच्या हाडाखाली बटणाएवढा एक तुकडा असतो. कुठल्या हालचालीनंतर सांधा निसटतो, ते तो शिकत जातो. पुढच्या वेळी तशी हालचाल सुरू झाली की हिसका यायच्या आधीच जाळी आवळतो. मेंदूला कळायच्याही आधी." मग त्या अभिनंदनकडं वळल्या. "तुम्हीही ऐका. बर्फाचं पाणी, कडाक्याची थंडी टाळायची. थंडीत धागे आखडतात आणि सुटत नाहीत. हात आहे तसा अडकून राहतो."

अभिनंदननं मान डोलावली. तो परतीची बस बघायला म्हणून बाहेर गेल्यावर बाईंनी स्कॅन पडद्यावर मोठा केला.

"हा खांदा नेहमी एकाच बाजूनं निखळलाय, वृषाली. पडण्या-झडण्यानं असं होत नाही. कोण ओढतं?"

वृषाली फरशीकडं बघत राहिली. पारसनं बहिणीकडं बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"तू मध्ये पडू नकोस," एवढंच ती त्याला जिन्यात म्हणाली.

जाळी दोन्ही खांद्यांत, कोपरांत आणि मनगटांत बसली. टाके निघाले, व्यायाम झाले. वृषालीनं जन्मात पहिल्यांदा भरलेली कळशी एका हातानं उचलली आणि ती स्वयंपाकघरात एकटीच हसली.

अभिनंदनचा हात पुन्हा उठला तो आमटीत मीठ जास्त झालं म्हणून. नेहमीसारखं मागून मनगट, कोपर वर, पीळ. त्या वेळी खांदा अर्धा निसटला आणि परत बसला. जाळी शिकली. पुढच्या खेपेला तो तिच्या मागं आला, त्यानं मनगट धरलं, आणि पीळ देण्याआधीच तिच्या हाताची पहार झाली. त्यानं सगळं अंग टाकून हिसका दिला. हात हलला नाही. त्याचाच अंगठा मुळातून उलटा झाला. वाळकी शेंग मोडावी तसा आवाज वृषालीनं ऐकला.

तो ओरडत खाली बसला. ती त्याच्यापुढं उभी राहून बघत होती. पाणी आणावं, बर्फ आणावा, असं तिला काही वाटलं नाही. पोटात काहीतरी गरम, गोड उतरत गेल्यासारखं झालं.

दवाखान्यात अभिनंदननं सांगितलं, "मी जिन्यावरून घसरलो."

घर बदललं. सासूबाई तिला हाक मारायच्या तर दारातूनच. अभिनंदन जेवताना ताटातून मान वर करायचा नाही. वृषालीला ही शांतता आवडायला लागली. मग ती लोकापुरेबाईंकडं गेली आणि सरळ खोटं बोलली. "अजून सटकतोय खांदा. जरा लवकर घट्ट व्हायला पाहिजे." बाईंनी तिच्यावर विश्वास ठेवला. तिचा खांदा अजूनही निखळवला जात असणार, असाच त्यांचा समज झाला आणि जाळीची ताकद त्यांनी वरच्या टोकाला नेली.

आता मूठ वळून हात जोरात उगारला, की कोपर नि मनगट जागच्या जागी आवळलं जायचं. मारताना हाताला दुखायचं नाही. सैल हातानं मारलेली चापट कधी कुणाला लागली नसती. हा हात लाटण्यासारखा लागायचा. तिनं पहिल्यांदा मारलं तेव्हा अभिनंदन निदान काहीतरी बोलला होता, "थोट्याची बहीण" म्हणाला होता. त्याचा दात तुटून ताटात पडला. नंतर नंतर तिला कारण लागेनासं झालं. त्यानं दार आपटलं, तो उशिरा आला, तो आला आणि त्यानं तिच्याकडं बघितलं.

पारसला कळायला वेळ लागला नाही. तो एका दुपारी आला तेव्हा अभिनंदन भिंतीकडं तोंड करून पडला होता आणि त्याचा कान काळानिळा झाला होता. पारसनं बहिणीला परसात नेलं.

"ताई, काय करायलीस तू हे?"

"त्यानं केलं ते करायलीये. त्यानं किती वर्षं केलं, विचारलंस का कधी त्याला?"

"नाही विचारलं. विचारायला पाहिजे होतं, माझं चुकलं. पण आता चल तू माझ्याबरोबर. वरची खोली रिकामीच आहे. त्याच्यावर केस करू. डॉक्टरबाई सांगतील खांद्याचं."

"जाते की. एवढ्यात नाही."

"का?"

वृषालीनं दोरीवरचा टॉवेल काढून झटकला. हात खटकन ताठ झाला आणि टॉवेल चाबकासारखा वाजला. "तो आता मला घाबरतो, पारस. मी खोलीत गेले की खुर्ची मागं सरकवतो. हे सोडून कुठं येऊ मी?"

पारस दोन पावलं मागं सरकला. "तुला बघून मला पण भीती वाटायला लागलीय," म्हणाला आणि निघून गेला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी अभिनंदननं तिला फोन केला. आवाज अगदी मऊ होता. आपलं काही आता जुळायचं नाही, आईसमोर नको, कोल्ड स्टोरेजला ये, बोलून मिटवू, वेगळं होऊ. कुपवाडच्या एमआयडीसीत त्याचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज होतं. खोकी चढवायची-उतरवायची कामं यंत्रं करायची, त्यामुळं गेटवरचा वॉचमन सोडला तर तिथं माणूस दिसायचा नाही. वृषालीनं पारसला बोलावून घेतलं. वेगळं व्हायचं म्हटल्यावर तो लगेच स्कूटर घेऊन आला, पण अभिनंदननं "हे नवरा-बायकोचं आहे" म्हणून त्याला गेटवरच थांबवलं.

ऑफिस ओलांडून अभिनंदन तिला आतल्या चेंबरपाशी घेऊन गेला. "यंदाचा माल बघ," म्हणाला. ती उंबऱ्यात आली तशी त्यानं दोन्ही हातांनी तिच्या पाठीत जोरात ढकललं. ती आत खोक्यांवर आपटली. मागं जाड दार बंद झालं.

आत बाहेरच्या उन्हाचा मागमूस नव्हता. पंखे घोंघावत होते आणि त्यांतून येणारं वारं सुईसारखं टोचत होतं. तिनं दारावर धक्के दिले, लाथा घातल्या. आतल्या कडीची जागा सापडली, कडी काढून टाकलेली होती. थोड्या वेळानं तिनं बोटांवर फुंकर घालायला हात तोंडाशी नेले आणि ते खाली आलेच नाहीत. कोपरं वाकलेली, मुठी छातीशी. जाळी आखडली होती. तेव्हा तिच्या लक्षात आलं, की डॉक्टरबाईंचं बोलणं नवऱ्यानं किती मन लावून ऐकलं होतं.

दार उघडलं. अभिनंदनच्या हातात खोकी फोडायची लोखंडी सळई होती.

"आता उचल हात," तो म्हणाला.

पहिला फटका गुडघ्यावर बसला. तिथं जाळी नव्हती. वाटी सरकली आणि ती कोसळली. दुसरा पाठीत बसला. तिसऱ्याला तो वाकला, सळई डोक्यावर नेली, आणि तेवढ्यात वृषालीनं पडल्या पडल्याच कमरेतून सगळं अंग फिरवलं. अडकलेलं कोपर हातोड्यासारखं त्याच्या कानशिलावर बसलं. सळई खणखणत लांब गेली. तो उंबऱ्यावर आडवा झाला. ती एका गुडघ्यानं सरपटत त्याच्या छातीवर चढली आणि मारत सुटली. हात हलत नव्हते, म्हणून धड फिरवायची, एकदा डावं कोपर, एकदा उजवं. त्याचं नाक फुटलं. एक डोळा बंद झाला.

"सोड... वृषाली, चुकलं... पाया पडतो..."

"माझा खांदा बसवायचास ना तू?" ती धापा टाकत म्हणाली. एवढ्या वर्षांत तिनं त्याला पहिल्यांदाच 'तू' म्हटलं होतं. "झालं, एवढं काय त्यात, म्हणायचास ना? मग आता बोल की! बोल!"

उघड्या दारातून आरडाओरडा गेटपर्यंत पोचला होता. वॉचमनला ढकलून पारस धावत आत आला. त्यानं जे बघितलं त्यात बहीण वर होती आणि माणूस मरायला टेकला होता.

"ताई! बास!"

ती थांबली नाही.

"ताई, मरेल तो! तुला फाशी होईल! ताई!"

त्याच्याजवळ एकच हात होता. तो मागून आला, तिच्या वाकलेल्या उजव्या कोपरात त्यानं आपला हात आत घातला आणि थोटं कोपर तिच्या पाठीला लावून तिला मागं ओढलं. वृषालीनं कमरेला झटका दिला आणि संपूर्ण अंग उलट्या बाजूला पिळलं. तिच्या लोखंडासारख्या दंडात आणि मनगटात पारसचा हात अडकित्त्यात सुपारी धरावी तसा धरला गेला. कोपराखालची दोन्ही हाडं मोडली. मनगट सुटून पंजा भलत्याच दिशेला लोंबायला लागला.

पारस ओरडला नाही. तो नुसता खाली बसला आणि आपल्या हाताकडं बघत राहिला.

अभिनंदन जगला. त्याचा एक डोळा गेला, जबडा तारेनं बांधावा लागला. त्याच्यावर खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल झाला आणि वृषालीवरही. सरकारी इस्पितळात तिच्या खाटेपाशी पहारा बसला. तिथं लोकापुरेबाई आल्या तेव्हा त्यांना सरळ बघवत नव्हतं.

"पारसची शस्त्रक्रिया केलीय मी. हाडं जुळतील. पण पंजाकडं जाणारी नस चिरडलीय. पकड किती परत येईल, सांगता येत नाही. जाळीची ताकद मी वाढवली, त्यात माझाही दोष आहे. मी कोर्टात सांगेन. थंडीनं जाळी आखडली होती, हात तुझ्या ताब्यात नव्हते. पारसनं जबाबही तसाच दिलाय. जाळीनं केलं, ताईनं नाही, म्हणतोय."

"हात माझ्या ताब्यात नव्हते," वृषाली म्हणाली. "कंबर होती."

बाईंनी मान वर केली.

"जाळी खांद्यात आहे, कोपरात आहे, मनगटात आहे. कमरेत तुम्ही काही बसवलेलं नाही. झटका मी दिला. आणि त्यानं आधी दोनदा ताई म्हणून हाक मारली होती, ती मला ऐकू आली होती. ओढणारा पारस आहे, हे मला माहीत होतं. मला फक्त कुणी थांबवायला नको होतं."

तिनं पोलिसांनाही हेच सांगितलं. आधीच्या सगळ्या वर्षांचं सांगितलं, खांद्याचं सांगितलं, खोटं बोलून ताकद वाढवून घेतली तेही सांगितलं. तिच्या वकिलानं कपाळावर हात मारला. जाळीवर ढकललं असतं तर ती सुटली असती, कारण जाळी बनवणाऱ्यांना कोर्टात खेचायला बरेच जण टपलेले होते. पुढं अभिनंदनला मोठी शिक्षा झाली. तिला नवऱ्याला मारल्याच्या गुन्ह्यातून सोडलं, स्वतःचा जीव वाचवत होती म्हणून. भावाच्या हातासाठी मात्र शिक्षा झाली. पारस तिच्या बाजूनं कोर्टात उभा राहिला, तरी झाली. ती भोगून ती मिरजेला आली.

दुकान बंद होतं. पारस वरच्या खोलीत खिडकीशी बसला होता. दाढी वाढलेली. पगारावर ठेवलेला माणूस त्याला दोन वेळा भरवून जायचा. उजव्या हाताची बोटं आत वळून कडक झाली होती.

ती दारातच थांबली. "येऊ का?"

"आलीसच की."

"जाळी काढून टाका म्हणून सांगायला गेले होते बाईंना."

"मग?"

"काढली तर तांब्यासुद्धा उचलता यायचा नाही, म्हणाल्या. ताकद मात्र अगदी खाली आणून दिली. बाई म्हणाल्या, तुझा हात वेळेवर हलवला गेला नाही. आता रोज वाकवायला पाहिजे. दुखेल खूप. त्यांचा माणूस यायचा, त्याला तू हाकलून लावलास म्हणे."

"त्याला काय कळतंय."

"मी शिकून आलेय."

पारसनं खिडकीबाहेर तोंड फिरवलं. मग त्यानं टेबलावर हात ठेवला. ती जवळ आली, तिनं त्याचं मनगट धरायला हात पुढं केला आणि त्याचा हात आपोआप झटक्यानं मागं गेला, छातीशी. दोघांनीही ते बघितलं.

"तुला मी मुद्दाम नाही..." पारस म्हणाला.

"माहीत आहे."

त्यानं पुन्हा हात टेबलावर ठेवला. या वेळी थोटं कोपर वरून दाबलं, हात मागं जाऊ नये म्हणून. वृषालीनं दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं. घाई केली की जाळी आवळणार आणि त्याला लागणार, म्हणून तिनं अगदी सावकाश, श्वासाश्वासाला केसभर, मनगट वर वाकवायला सुरुवात केली. आत चिकटलेलं काहीतरी कुरकुरलं. पारसच्या कपाळावर घाम आला. त्यानं दात आवळले, मग ते सुटले आणि तो मोठ्यानं ओरडला. कोल्ड स्टोरेजमध्ये हात मोडला तेव्हा तो ओरडला नव्हता, ते आता ओरडला.

ती थांबली.

"थांबू नकोस," तो डोळे मिटून म्हणाला. "ओरडू दे मला. तू वाकव."